चुना, ट्राउट आणि एकच उन्हाळा

दक्षिण इंग्लंडमधल्या हॅम्पशर आणि विल्टशर परगण्यांत वाडवडिलांचे जुने घर दुरुस्त करणे आणि कृत्रिम माशीने ट्राउट पकडणे ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या गळ्यात पडणे नवलाचे नाही. दोन्हींचे मूळ एकाच खडकात आहे. टेस्ट, इचेन, केनेट, एव्हन या नद्या खडूच्या टेकड्यांतून झिरपलेल्या पाण्यावर वाहतात. हिवाळ्यात पडलेला पाऊस खडूत मुरतो, वर्षभर झऱ्यांवाटे बाहेर येतो, आणि झऱ्यापाशी त्याचे तापमान बाराही महिने दहा-अकरा अंश सेल्सियसच्या आसपास राहते. पाणी नितळ आणि चुनखडीयुक्त असल्याने त्यात पाणवनस्पती व किडे उदंड, म्हणून मासेही पोसलेले. अशा ‘चॉक स्ट्रीम’ जगात सुमारे दोनशे, आणि त्यांतल्या बहुतेक इंग्लंडमध्येच. तोच खडू भट्टीत नऊशे अंशांच्या आसपास भाजला की चुनकळी होते, ती पाण्यात विरवली की चुना, आणि त्या चुन्यावर इथली जुनी घरे उभी आहेत. भिंतींतले चकमकीचे दगडसुद्धा त्याच खडूच्या थरांतून निघालेले.

इतका शेजार असूनही घर आणि नदी यांचे पटत नाही, कारण दोघांना वर्षातले तेच महिने हवे असतात.

चुन्याला थंडी सोसत नाही. पाच अंशांखाली चुन्याचे काम करू नये असा नियम आहे, कारण ओल्या चुन्यातले पाणी गोठले की ते फुगते आणि गिलाव्याचा भुगा करते. काम संपल्यावरही काही आठवडे कडाक्याची थंडी पडता कामा नये. सिमेंट पाण्याशी संयोग होऊन काही तासांत घट्ट होते. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू परत चुनखडी होतो, आणि त्यासाठी त्याला ओल व सौम्य हवा लागते. म्हणून इंग्लंडमधल्या गवंड्याचा चुन्याचा हंगाम ढोबळमानाने एप्रिल ते सप्टेंबर. ट्राउटचा हंगामही एप्रिलमध्येच सुरू होतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात संपतो.

महिनेच सारखे असते तर निभावले असते. दोघांना हवामानही तेच लागते. कडक उन्हात आणि वाऱ्यात चुना वरून झटकन वाळतो, आतून कच्चा राहतो आणि तडकतो. मे महिन्यातला ढगाळ, दमट, मंद वाऱ्याचा दिवस गिलाव्याला उत्तम. त्याच दिवशी ‘ऑलिव्ह’ जातीचे कीटक नदीतून वर येतात आणि पंख वाळायला वेळ लागल्याने पृष्ठभागावर रेंगाळतात. ट्राउट त्यांना टिपायला वर येते, आणि तरंगती माशी टाकणाऱ्याला यापेक्षा चांगला दिवस मिळत नाही. लख्ख उन्हाची दुपार मात्र दोन्हीकडे वाया जाते. शनिवार घराला आणि रविवार नदीला अशी वाटणी त्यामुळे कागदावरच शोभते. शनिवारी ऊन आणि रविवारी ढग आले की शनिवार वाया जातो आणि रविवार दोघांनाही हवा असतो.

कोकणात याच दोन गोष्टींचा क्रम निसर्गानेच लावून दिला आहे. घराची शाकारणी, म्हणजे कौले उतरवून, चाळून, फुटकी बदलून पुन्हा लावणे, मृगाच्या आधी आटोपावीच लागते, आणि चढणीचे मासे पाऊस पडल्यावरच ओढ्यांतून शेतांत चढतात. आधी घर, मग मासे, यात वाद उरत नाही. इंग्लंडच्या हवेत अशी आपोआप लागणारी शिस्त नाही. तिथे क्रम माणसाला स्वतः लावावा लागतो.

तो लावताना बहुतेक लोक घराला एक मोठे काम समजतात आणि ते एकदाचे उरकून टाकू पाहतात. एका उन्हाळ्याचा बळी द्यायचा, नदीकडे फिरकायचे नाही, कंत्राटदार लावायचा, घर नवे करून घ्यायचे आणि मग पुढची वीस वर्षे निवांत मासे धरायचे असा हा हिशेब. तो दिसतो शहाणपणाचा, पण चुकतो तो घराच्याच बाजूने. जुन्या घराचे काम एका उन्हाळ्यात संपवायचे तर चुन्याची वाट पाहता येत नाही; मग सिमेंट येते. जुन्या भिंतीला पाया बेताचा आणि खालून ओल अडवणारा थर नाही. तिच्यात ओल शिरते आणि चुन्याच्या सांध्यांतून बाहेर पडते, एवढ्यावरच ती शतकानुशतके टिकलेली असते. सांध्यांत सिमेंट भरले की ओलीची वाट बंद होते. ती विटेतून बाहेर पडू लागते, हिवाळ्यात गोठते आणि विटेचा दर्शनी पापुद्रा सुटून पडतो. विल्टशर-हॅम्पशरमध्ये खडू मळून केलेल्या मातीच्या भिंतीही आहेत. त्यांना बाहेरून सिमेंटचा गिलावा दिला तर आत साठलेल्या पाण्याने अख्खी भिंत बसल्याची उदाहरणे घडली आहेत. उरकलेले काम असे काही वर्षांनी परत दाराशी येते, आणि तेव्हा आधी सिमेंट खरवडून काढावे लागते, ज्यात विटाही जातात.

चुना सावकाश आहे हेच मासे धरणाऱ्याच्या पथ्यावर पडते. एका भिंतीचे काम जवळून पाहिले तर हे कळते. आधी जुने ढिले सांधे हाताने खरवडायचे, सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोल. मग धूळ झाडून भिंत पाण्याने भिजवायची, कारण कोरडी वीट चुन्यातले पाणी ओढून घेते. मग चुना दाबून भरायचा. तो बोटाने दाबल्यावर ठसा उमटेल पण बोटाला लागणार नाही इतका आवळला की ताठ केसांच्या ब्रशने ठोकून घ्यायचा, म्हणजे वरची साय निघून वाळू दिसू लागते आणि सांधा श्वास घेतो. त्यावर ओले गोणपाट टांगायचे आणि काही दिवस ते वाळू द्यायचे नाही. आतला गिलावा असेल तर पहिला थर दिल्यावर दुसऱ्यापूर्वी आठवडाभर तरी थांबावे लागते, थर जाड असेल तर जास्तच. या साऱ्यात हाताचे काम दिवसाचे काही तास, बाकी सगळे वाट पाहणे. घाई केली तर काम बिघडते, आणि थांबायचेच आहे तर ते थांबणे नदीकाठी का होऊ नये?

नदीचे तासही मोजकेच असतात, हे नवख्याच्या ध्यानात येत नाही. दिवसभर पाण्यावर उभे राहणारा मनुष्य बहुतेक वेळ रिकाम्या पाण्यावर दोरी फेकत असतो. एप्रिल-मेमध्ये कीटक साधारणपणे दुपारच्या सुमारास दोन-तीन तास वर येतात. मेच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत मोठी मेफ्लाय येते. तिची अळी दोनेक वर्षे तळच्या गाळात काढते, पंख फुटल्यावर काही खात नाही, दिवस-दोन दिवसांत जोडी जमवून, अंडी घालून मरते. एरवी सावध असलेली मोठी ट्राउट या दिवसांत बेफिकीर होते, म्हणून तिथले लोक या काळाला गंमतीने अडाण्यांचा पंधरवडा म्हणतात. पुढे जुलै-ऑगस्टात दिवस तापला की सगळे खेळ संध्याकाळी सरकतात. अंडी घालून दमलेले कीटक सूर्यास्ताला पाण्यावर पडतात आणि मासे शेवटच्या उजेडापर्यंत वर येत राहतात. जूनअखेरीस तिथे सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो. गवंडी त्याच्या कितीतरी आधी थापी धुऊन घरी गेलेला असतो. भर उन्हाळ्यात घर आणि नदी यांचा झगडा म्हणूनच जवळजवळ उरत नाही. सकाळी भिंत, दुपारी कोणाचेच काही नाही, संध्याकाळी नदी. खरी ओढाताण एप्रिलअखेर ते मध्य जून या सहा-सात आठवड्यांची आहे, आणि तिच्यापुरता निर्णय घ्यायचा तर तो नदीच्या बाजूने घ्यावा. भिंतीचा सांधा जुलैतही भरता येतो. मेफ्लाय जुलैत नसते.

कायदाही, हेतू नसताना, असाच कौल देतो. ब्रिटनमध्ये सर्व जातींच्या वटवाघळांना आणि त्यांच्या वस्त्यांना संरक्षण आहे. जुन्या घरांचे पोटमाळे आणि छपराखालच्या फटी ही त्यांची आवडती जागा. माद्या मे ते ऑगस्ट या काळात तिथे पिल्ले वाढवतात, त्यामुळे वस्ती असलेल्या छपराला त्या महिन्यांत हात लावता येत नाही. वळचणीतल्या पाकोळ्यांची घरटी नांदती असतील तर तीही पाडता येत नाहीत. छपराचे काम त्यामुळे बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरवर जाते, म्हणजे ट्राउटचा भर ओसरल्यावर. दुसरा अडसर परवानगीचा. इतिहासाच्या किंवा वास्तुकलेच्या दृष्टीने महत्त्वाच्या इमारतींची यादी तिथे आहे. १९९०च्या कायद्याप्रमाणे यादीतल्या घराच्या स्वरूपात विनापरवाना बदल करणे हा फौजदारी गुन्हा ठरतो. निर्णयाला साधारण आठ आठवडे लागतात, प्रत्यक्षात पुष्कळदा जास्त. होते तसेच, त्याच सामानाने केलेल्या डागडुजीला मात्र सहसा ही परवानगी लागत नाही. ज्याला मे-जून मोकळे हवेत त्याने खिडक्या बदलण्यापेक्षा आहेत त्या दुरुस्त कराव्यात, हा सल्ला केवळ सौंदर्यदृष्टीचा नाही.

करपद्धतीने मात्र बराच काळ उलटे शिकवले. यादीतल्या घरात मंजुरी घेऊन बदल केला तर मूल्यवर्धित कर शून्य, आणि निव्वळ डागडुजी केली तर पूर्ण कर, अशी व्यवस्था १ ऑक्टोबर २०१२पर्यंत होती. गळके छप्पर राहू द्या पण मागे नवी खोली काढा, असेच जणू सरकार सांगत होते. आता दोन्हींवर २० टक्के कर आहे. दोन वर्षांपेक्षा जास्त रिकाम्या राहिलेल्या घराच्या कामाला ५ टक्के हा सवलतीचा दर लागतो. फरक गेला, पण डागडुजीला खास उत्तेजन आजही नाही.

घरात वाटेकरी असले की प्रश्न वेळेचा न राहता मनाचा होतो. आईवडिलांच्या पश्चात घर तिघा भावंडांच्या नावे होते. जे जवळ राहते त्याच्यावर काम पडते. बाकीचे नाताळात आणि ऑगस्टात येऊन गिलाव्याच्या रंगाबद्दल मत देतात. सामायिक वाड्याचे हे दुखणे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. यात मासे धरणाऱ्याची बाजू नेहमी लंगडी पडते, कारण घर हे कर्तव्य आणि नदी ही चैन असे सगळ्यांनी, त्याच्यासकट, गृहीत धरलेले असते. टेस्टसारख्या नदीवर मासेमारीचा हक्क बहुधा आठवड्याच्या ठरावीक वाराने विकला जातो. मंगळवारचा रॉड घेतला की हंगामभर फक्त मंगळवार. पैसे आगाऊ भरलेले, वार बदलत नाही. कंत्राटदार मंगळवारीच यायचे म्हणाला की घरात कुरबुर सुरू होते. ती टाळायची तर तो वार पहिल्याच दिवशी सर्वांसमोर मांडून कामाच्या वेळापत्रकात बांधून घ्यावा. चोरून नदीवर गेलेला दिवस धड मासेमारीचा होत नाही आणि घरच्यांचाही होत नाही. नदीचेही काही दिवस उलट घराला आंदण मिळतात. टेस्ट आणि इचेनवर पाणवनस्पती कापण्याच्या तारखा सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या असतात. त्या दिवसांत कापलेल्या वनस्पती वाहत येऊन दोरीला गुंततात आणि गळ टाकणे व्यर्थ होते. परांची बांधायला हे दिवस उत्तम, आणि तारखा आधीच माहीत असतात.

कर्तव्य आणि चैन ही विभागणी कितपत टिकते हे एडवर्ड ग्रे यांच्या आयुष्यावरून पाहता येते. १८८२ साली, विशीत, आजोबांच्या मागे त्यांना नॉर्थंबरलंडमधले फॅलोडन हे घर आणि जमीन वारशाने मिळाली. १९०५ ते १९१६ ते ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री होते. कोरड्या, म्हणजे तरंगत्या, माशीने मासे धरण्यात त्यांचा हातखंडा होता. ‘फ्लाय फिशिंग’ हे त्यांचे पुस्तक १८९९मध्ये निघाले. फॅलोडन उत्तरेला, खडूच्या नद्या शेकडो मैल दक्षिणेला. १८९०मध्ये त्यांनी इचेन ॲबस इथे नदीकाठी एक लहानशी कॉटेज उभी केली, आणि हंगामात शनिवारी पहाटेची गाडी धरून लंडनहून पत्नी डोरोथीसह तिथे जाऊ लागले. कॉटेज मुद्दाम साधी ठेवली होती. जिथे सांभाळण्याजोगे काही नाही तिथे सांभाळण्यात वेळ जात नाही. तिथल्या दिवसांची दोघांनी मिळून लिहिलेली टिपणे पुढे खासगीरीत्या छापली गेली.

ग्रे यांच्यापाशी नोकरचाकर होते, इस्टेट होती. त्यांचा मार्ग सगळ्यांना परवडणारा नाही हे उघड आहे. तरी त्यांच्या गोष्टीतला पुढचा भाग श्रीमंतीने बदलला नाही. १९०६च्या फेब्रुवारीत घोडागाडीच्या अपघातात डोरोथी गेल्या. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ग्रे यांची दृष्टी अधू होत गेली, आणि पाण्यावर तरंगणारी बारीक माशी त्यांना दिसेनाशी झाली. १९१७मध्ये फॅलोडन जळाले. १९२३मध्ये नदीकाठची कॉटेजही जळाली. फॅलोडन पुन्हा बांधले गेले, वरचा मजला गाळून, आधीपेक्षा लहान. निवृत्तीनंतर निवांत मासे धरू म्हणून त्यांनी मंत्रिपदाच्या वर्षांतले शनिवार सोडले असते तर नदी त्यांना मिळालीच नसती, कारण सवड झाली तेव्हा डोळे उरले नव्हते. जळालेले घर मात्र पुन्हा उभे राहिले. पुढे ढकलण्याजोगे काय आणि न ढकलण्याजोगे काय, याचा रूढ अंदाज इथे उलटा ठरला. लहान करून बांधण्यातही शहाणपण होते: वापरात नसलेल्या मजल्याची डागडुजीसुद्धा वापरातल्या मजल्याइतकीच वेळ खाते.

याचा अर्थ घराने कायम थांबावे असा नाही. काही गोष्टींपुढे मेफ्लायचा पंधरवडाही सोडावा लागतो. छपराला गळती लागली, पन्हळ तुंबून पाणी भिंतीवरून ओघळू लागले, तुळईच्या टोकाला कूज लागली किंवा बुरशीची पांढरी जाळी भिंतीतून पसरताना दिसली, तर त्याच दिवशी हात घालायला हवा. लाकूड खाणारी ही बुरशी ओलीवर जगते. ओल तोडली नाही तर ती विटांच्या मागून शेजारच्या खोलीतल्या लाकडापर्यंत पोचते. या सगळ्यांत समान धागा पाण्याचा आहे. पाणी आत येत असेल तर घर आधी. पाणी येत नसेल तर बाकीचे काम, म्हणजे रंग, गिलावा, फरशी, खिडक्यांची तावदाने, हे सोयीचे काम समजावे, घरच्यांना ते कितीही तातडीचे वाटो.

पाण्याला अडवणे हे मोठ्या कामापेक्षा बारीकसारीक नेमाने होते. विल्यम मॉरिस यांनी १८७७मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, ती नेमकी याच आग्रहाने: जुने पाडून ‘मूळ’ रूप उभे करण्यापेक्षा रोजची निगा राखून पडझड थोपवावी. मॉरिस स्वतः मासेमारीचे शौकीन होते, थेम्सकाठच्या केल्म्स्कॉट इथे त्यांचा गळ पाण्यात असे. त्यांचे मासे मात्र ट्राउट नव्हेत, थेम्समधले साधे. पन्हळ वर्षातून दोनदा साफ करणे, सरकलेले कौल बसवणे, भिंतीलगत चढलेली माती खाली ओढणे, खिडकीच्या उंबऱ्याचा रंग उडाला की लावणे, ही कामे तासा-दोन तासांची असतात. त्यांनी एकही मेचा दिवस जात नाही. तीच दहा वर्षे टाळली की परांची, कंत्राटदार आणि गेलेला उन्हाळा पुढे उभा राहतो.

राहिला हिवाळा. ट्राउट बंद झाली तरी ग्रेलिंग मार्चच्या मध्यापर्यंत धरता येते, आणि गोठलेल्या उजळ दुपारी, जेव्हा चुन्याचे नावही काढता येत नाही, तेव्हा ती बऱ्यापैकी खाते. घराकडे या महिन्यांत आतली कामे असतात: लाकडी चौकटींचे सांधे, दारांच्या बिजागऱ्या, तावदाने काढून टेबलावर दुरुस्त करणे. परवानगीचा अर्ज नोव्हेंबरात दिला तर वसंतापूर्वी निर्णय हाती येण्याची शक्यता असते. विरवलेला चुना पाण्याखाली किमान तीन महिने मुरवला की चांगला मऊ होतो, म्हणून एप्रिलच्या गिलाव्याचा चुना नाताळाच्या आसपासच डब्यांत भरून ठेवावा लागतो. माश्याही याच काळात बांधून होतात, आणि दोन्हींचे सामान बहुधा एकाच शेडमध्ये पडलेले असते. चुनकळी तेवढी त्या शेडमध्ये ठेवू नये: ओल लागली की ती तापते, आणि पिसांच्या डबीलाच नव्हे तर शेडलाही आग लागू शकते.